माणशी एक वेढा

ज्या माणसाने आयुष्यात भिंतीत धड एक खिळा ठोकला नाही, त्याच्यावर राहत्या घरात कारखाना चालवल्याचा ठपका यावा, याला काय म्हणायचं? बरं, मी भांडखोर असतो तर त्याच वेळी चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो. पण माझी सगळी नोकरी धुळ्यातल्या एका वाचनालयात, 'शांतता राखा' या पाटीखाली बसून गेली. त्या पाटीचा वाचकांवर कधी परिणाम झाला नाही. माझ्यावर मात्र कायमचा झाला. मला राग येतो तो तीन दिवसांनी, आणि शब्द सुचतात ते त्याच्याही नंतर. म्हणून हे लिहून काढतो आहे.

यंदा श्रावणात कानबाई, आमची खानदेशातली देवी, आमच्या घरी बसायची होती, रविवारी बसून सोमवारी विसर्जन. आमच्या भाऊबंदकीत देवी पाळीपाळीने एकेका घरी बसते, आणि ज्याच्या घरी बसेल तिथे बठ्ठे, म्हणजे झाडून सगळे, भाऊबंद गावोगावहून येऊन पडतात. पारोळ्याहून येतात, यावलहून येतात, सुरतेला नोकरीला गेलेलेसुद्धा येतात. माझी पाळी आली तसं माझा चुलतभाऊ तोताराम याने सगळ्यांच्या देखत तोंड उघडलं.

"अक्का, नाना पुस्तकना माणूस. त्याले काय जमाव नही. त्यानी पाळी मन्हाकडे द्या. यंदानीच नही, कायमनी."

अक्का म्हणजे ताईबाई काकू. आमच्यात सर्वांत वडील. त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, कारण तोताराम म्हणाला ते मला मनातून पटलंच होतं. पण घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मला राग आला. पाळी म्हणजे काय रेशनचा गहू आहे, नको तर शेजाऱ्याच्या पिशवीत ओता? आपलं घर भाऊबंदकीच्या रांगेतून एकदा वगळलं की पुढे लग्नपत्रिकेतही नाव 'आणि इतर' मध्ये जातं. मी ठरवलं की देवी माझ्याच घरी बसेल, आणि अशा मखरात बसेल की तोतारामने बघतच राहावं.

इथे माझं चुकलं. साडी ताणून, केळीचे खांब बांधून लोक वर्षानुवर्षं कानबाई बसवतात आणि देवीने कधी तक्रार केलेली नाही. पण मला लाकडी मखर हवं होतं, कमानीचं, नक्षीच्या पट्ट्यांचं.

शुक्रवारी सुपडू मिस्त्री आला तो हातोडी न घेताच आला. मला वाटलं विसरला. तो म्हणाला, "हातोडी आता कोन वापरस, नाना?" आणि त्याने टेम्पोतून एक कॉम्प्रेसर उतरवला. चाकांवरचं लाल पिंप, वर मोटार, त्याला लांबलचक नळी आणि नळीच्या टोकाला खिळे मारायची बंदूक. ते लोक तिला नुसतं 'गन' म्हणतात. दाबली की फट् असा आवाज आणि खिळा लाकडात गुडुप. पातळ नक्षीच्या पट्ट्या हातोडीने चिरतात, गनने चिरत नाहीत, असं सुपडूने मला समजावलं. मला ते फार सुधारलेलं वाटलं.

निम्मं मखर होईपर्यंत खिळे गुडुप होत होते. मग ते अर्धेच आत जाऊ लागले. अर्धे बाहेर उभे, हेडमास्तरसमोर उभ्या केलेल्या मुलांसारखे. आणि कुठूनतरी स्स्स् असा आवाज यायला लागला.

"नाना, हवा लीक मारस," सुपडू म्हणाला. "गनले प्रेशर भेटत नही."

"मग दुरुस्त कर."

"करसू ना. सोमवारी करसू."

"सोमवारी देवीचं विसर्जन आहे, सुपडू!"

"मन्हा घरनी कानबाईनंबी सोमवारीच शे ना, नाना!" तो म्हणाला, आणि आपली पिशवी उचलून पारोळ्याची बस धरायला गेला. यंत्र माझ्या पोर्चमध्येच राहिलं.

आता यात त्याची काही चूक म्हणता येत नाही, आणि तोच खरा संताप आहे. साऱ्या खानदेशात त्या एका रविवारी प्रत्येक मिस्त्री, प्रत्येक फिटर, प्रत्येक गॅरेजवाला आपापल्या भाऊबंदकीत जाऊन बसतो. मी ज्याला ज्याला फोन केला, त्याच्यामागे गहू पाखडल्याचा आवाज ऐकू येत होता. शेवटी मी चष्मा पुसला आणि जे मला येतं ते केलं. गनच्या खोक्यात घडी घालून ठेवलेलं माहितीपत्रक होतं, ते वाचायला बसलो.

तेवढ्यात शेजारचे भूपेंद्र आले. हे एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले आहेत आणि कोणत्या खात्यातून ते विचारायची सोय नाही, कारण मग ते सांगतात. हातातलं पत्रक काढून घेत ते म्हणाले, "नाना, वाचून हवा थांबत नसते. साबणाचा फेस लावा. बुडबुडा येईल तिथे गळती. आमच्या सर्व्हिसमध्ये आम्ही हेच करायचो."

ही सूचना बरोबर होती हे मला मान्य करावं लागेल. फक्त फेस कशाचा, हा प्रश्न होता. कपड्यांच्या साबणाचा फेस टिकेना. तेव्हा भूपेंद्रांनी न विचारता आमच्या न्हाणीघरात जाऊन माझं दाढीचं सामान आणलं. पोर्चमध्ये उकिडवे बसून मी नळीच्या टोकाला, गनला नळी जोडणाऱ्या पितळी निपलला, कपलरला आणि क्लिपांना ब्रशने फेस लावत होतो आणि ते वरून सांगत होते, "हनुवटीखाली राहिलं बघा."

बुडबुडे आले. नळीच्या क्लिपजवळ बारीक, आणि जिथे निपल गनच्या तोंडात बसतं तिथे चांगले बोराएवढे. पण हवा सतत गळत असल्यामुळे कॉम्प्रेसर सतत चालू होता, आणि घर्रर्र असा आवाज सबंध गल्लीत जात होता. मी क्लिप आवळली. तिथले बुडबुडे थांबले. मी इतका हरखलो की सुमनला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना हाक मारली. त्या बाहेर आल्या, त्यांनी माझा ब्रश बघितला आणि आत निघून गेल्या.

त्यांच्या जागी फाटकात वीज कार्यालयाच्या हेमांगी मॅडम उभ्या राहिल्या. बरोबर एक वायरमन.

"या यंत्राची तुम्ही दाढी करताय का, काका?"

"नाही, म्हणजे, गळती."

"तक्रार आली आहे. घरगुती मीटरवर कारखाना चालवता. गल्लीतले पंखे मंदावतात."

कारखाना! मी कानबाईचं सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कानबाई सार्वजनिक की खाजगी?"

"भाऊबंदकीची."

"तसा प्रकार आमच्याकडे नाही. सार्वजनिक असेल तर तात्पुरती जोडणी मिळते, पण त्याला पोलिसांचा दाखला लागतो आणि मांडव रस्त्यावर लागतो. खाजगी असेल तर असलं यंत्र लागत नाही."

"मग मी देवीला काय रस्त्यावर बसवू?" हे वाक्य मी बोललो नाही. ते मला मंगळवारी सुचलं. त्या वेळी मी म्हणालो, "बरं मॅडम."

त्या मात्र वाईट नव्हत्या. जाता जाता म्हणाल्या, "काका, टाकी भरली की मोटार आपोआप थांबते ना? तशी थांबत असेल तर चालू द्या, मी डोळे मिटते. पण आजच्यासारखी अखंड चालली तर उद्या सील करावं लागेल. मलाही उद्या माहेरी कानबाईला जायचंय, पुन्हा फेरी मारायला लावू नका."

त्या गेल्यावर मी भूपेंद्रांना म्हणालो, "अशी तक्रार करणारा माणूस आपल्या गल्लीत असेल असं वाटलं नव्हतं."

"मीच केली," ते ब्रश झटकत म्हणाले. "सकाळी केली. पंखा फिरेना. पण तक्रार वेगळी आणि शेजारधर्म वेगळा. आणा तो फेस."

मला सांगा, अशा माणसाला काय बोलावं? मी त्यांना चहा दिला.

मग मी गन कापडी पिशवीत घालून आग्रा रोडला नेमीचंद शेठच्या दुकानात गेलो. पत्रकात अगदी बारीक अक्षरात लिहिलं होतं की पाव इंची फिटिंगचे आटे दोन जातींचे असतात. दिसायला सख्खे भाऊ. पण एकाचे जरा दाट, एकाचे जरा विरळ. एका जातीचं निपल दुसऱ्या जातीच्या तोंडात लावलं तर दोन वेढे गोडीगुलाबीने आत जातं आणि मग अडतं. जोर केला तर आवळल्यासारखं वाटतं, पण हवा गळत राहते. हे वाचल्यावर मला आमच्या भाऊबंदकीची आठवण झाली, पण ते असो. मी नेमीचंद शेठना ही गोष्ट शक्य तितक्या नम्रपणे सांगितली.

"काकासाब," शेठ म्हणाले, "पाव इंची म्हणजे पाव इंची. सोन्याचा तोळा मुंबईत वेगळा आणि धुळ्यात वेगळा असतो का?"

"पण इथे छापलंय."

"छापणाऱ्याचं हार्डवेअरचं दुकान आहे का? आमची तिसरी पिढी आहे."

माझा स्वभावच असा की समोरचा ठासून बोलला की मला माझंच चुकलं असं वाटतं. मी नवं निपल आणि आट्यांवर गुंडाळायच्या टेफ्लॉन टेपचं रीळ घेऊन मुकाट्याने घरी आलो. लावून बघितलं. दोन वेढे गोडीगुलाबीने. मग स्स्स्.

शनिवारी भाऊबंद येऊन थडकले, आणि खऱ्या संकटाला सुरुवात झाली.

कानबाईच्या रोटांची, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांची, एक रीत आहे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचा. म्हातारा असो, पाळण्यातला असो, सुरतेला असो, मूठ पडलीच पाहिजे. कुणाची राहिली तर त्याचा रुसवा पिढ्यान् पिढ्या चालतो. ही रीत मला माहीत होती. ती फिटिंगलाही लागू होते, हे माहीत नव्हतं.

पारोळ्याच्या भावाने विचारलं, "नाना, टेप कोनी गुंडाळी? उलटी शे." त्याने निपल काढलं आणि आपल्या हाताने टेपचा एक वेढा दिला. ते यावलच्या मेहुण्याने पाहिलं. त्याला न विचारता काम झालं म्हणून तो गप्प झाला, म्हणून त्यालाही एक वेढा द्यायला सांगावं लागलं. त्याने उलट्या बाजूने दिला. मग सुरतेचे दोघे आले, मग त्यांचे जावई. जावयांना नाही कोण म्हणणार? प्रत्येकजण पाना मागायचा, निपल काढायचा, आदल्याने केलेलं बघून चुकचुकायचा आणि त्याच्याच वर आपला एक वेढा चढवायचा. जुनी टेप काढायची माझी सूचना मी दोनदा मांडली. पहिल्यांदा ती कुणी ऐकली नाही. दुसऱ्यांदा मी ती मनातच मांडली. संध्याकाळपर्यंत त्या पितळी निपलचं दूधपित्या बाळाच्या अंगठ्यासारखं गुबगुबीत पांढरं बोंडुक झालं होतं.

शेवटी तोताराम आला. कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र नेहरू शर्ट, पाठीमागे ढुंगणाखाली रुळणारा.

"सरका. हाई काय पोऱ्यासनं काम शे?"

त्याने शेवटचा वेढा दिला, निपल गनच्या तोंडाला लावलं आणि पान्यावर आपलं सगळं वजन टाकलं. आटे ओरडले. मला ते ऐकू आलं. बाकी कुणाला आलं नाही, कारण सगळे त्याला 'शाब्बास' म्हणत होते. मग त्याने कॉम्प्रेसर चालू केला.

स्स्स् नव्हतं. एक क्षणभर खरंच नव्हतं. तोताराम माझ्याकडे बघून हसला, आणि त्याच क्षणी ते निपल बंदुकीच्या गोळीसारखं सुटलं, नळी नागासारखी पोर्चभर नाचली, जावई कणगीमागे गेले आणि निपल कोपऱ्यात ठेवलेल्या गंगाफळात, म्हणजे लाल भोपळ्यात, घुसलं. देवीच्या भाजीचं गंगाफळ! ते माझ्या डोक्यापेक्षा मोठं फळ धप् असा आवाज करून हललं आणि शांत झालं.

भूपेंद्रांनी कुंपणावरून विचारलं, "थांबली का गळती?"

"नानानी मशीन खलास," तोतारामने जाहीर केलं. म्हणजे काल हातही न लावलेलं यंत्र त्याने आज मोडलं, आणि झालं काय, तर 'नानानी मशीन खलास'. "अक्का, मन्हा टेम्पो बाहेर उभा शे. चौरंग उचलूत अन् मन्हा घर जाऊत."

ताईबाई अक्कांनी गंगाफळातलं निपल ओढून काढलं, पदराने पुसलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"नाना, उद्या दिवालागनी लगून मखर हुबं ऱ्हायनं तं कानबाई आठेच. नही तं तोतारामना घर. अन् मंग पाळीबी त्यानीच, कायमनी." म्हणजे मला मुदत होती उद्या दिवे लागेपर्यंतची.

रविवारी सकाळी मी पुन्हा आग्रा रोडला गेलो. दुकान बंद होतं. नेमीचंद शेठ दुकानावरच राहतात. मी खालून हाक मारली. माझी हाक ऐकून एक कबूतरसुद्धा उडालं नाही. शेवटी मी शटर वाजवलं. आयुष्यात मी कुणाचं शटर वाजवलेलं नव्हतं. मला वाटतं तो राग आदल्या दिवसाचा होता. पहिल्यांदाच इतक्या लवकर आला.

शेठ बनियनवर खाली आले. मी म्हणालो, "शेठ, लोक फिटिंग परत आणून देतात का? बसत नाही म्हणून?"

"आणतात ना. फॉल्टी माल येतो कधीकधी." त्यांनी अर्धं शटर उचलून काउंटरखालचा एक गोडेतेलाचा जुना डबा ओढला. "हा सगळा तोच. कुठेच बसत नाही. भंगारात द्यायचाय."

मी तिथेच फरशीवर बसलो आणि पिशवीतून गन काढली. डब्यातलं एकेक निपल तिच्या तोंडाला लावून बघत गेलो. काही मोठी होती, काही खरंच वाकडी होती. शेठ काउंटरवरून "काकासाब, चहा?" म्हणाले, मी मान हलवली. मग एक लागलं. दोन वेढे गोडीगुलाबीने, तिसरा तसाच, चौथाही तसाच, हाताने, अलगद, लोण्यात सुरी जावी तसं. माझ्या तोंडून चक्क आवाज निघाला.

"बसलं?" शेठनी विचारलं.

"बसलं! दुसऱ्या जातीचे आटे! पत्रकात छापलं होतं तेच!"

शेठनी निपलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "घेऊन जा. पण फॉल्टी माल आहे, परत घेणार नाही."

घरी आलो तेव्हा आत पुरण शिजत होतं आणि बायकांची गाणी चालू होती. पोर्चमध्ये कुणी नव्हतं. गनच्या तोंडातले आटे तोतारामने थोडे दुखावले होते, पण खोलवरचे शाबूत होते. मी नव्या निपलला टेपचे मोजके वेढे दिले, आट्यांच्या दिशेने, आणि पान्याने बेताने आवळलं. कॉम्प्रेसर चालू केला. घर्रर्र. फेस लावला. बुडबुडा नाही. टाकी भरली आणि मोटार टप् करून आपोआप थांबली.

शांतता पसरली. मी आयुष्यभर जी राखायला सांगत आलो ती, माझ्या स्वतःच्या हाताने केलेली शांतता. मी धावत माजघरात गेलो. "ऐका! सगळे ऐका!"

सगळे गप्प झाले. "काय ऐकाव?" पारोळ्याचा भाऊ म्हणाला.

"काहीच ऐकू येत नाही ना?"

"नही."

"तेच! तेच!"

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सुमन हळूच म्हणाल्या, "अहो, थोडं पाणी घ्या." तोताराम उठला. "बंद पडनी वाटस मशीन. मी टेम्पोवालाले बलावस."

मी वाद घातला नाही. अर्धं उभं मखर ओढून जागेवर आणलं आणि खिळे मारायला लागलो. फट्. फट्. कमान बसली, नक्षी बसली, एकही पट्टी चिरली नाही, एकही खिळा बाहेर राहिला नाही. दिवे लागायच्या आधी मखर उभं होतं. चौरंग आत गेला, नारळाला नथ चढली, मुखवटा हसला. अक्का मखराभोवती हात फिरवत म्हणाल्या, "ब्येस व्हयनं. कोनी करं हाई?"

मी बोलण्यासाठी घसा साफ केला. मला तेवढा वेळ लागतोच. तेवढ्यात तोताराम मखराच्या खांबाला पाठ टेकून उभा राहिला आणि जमलेल्या साऱ्यांना म्हणाला, "मीच ना, अक्का. काल मी पाना मारा, तव्हय ती आज चालू व्हयनी. नानानी काय करं? नुसता फेस लावा. म्हनून सांगस, पाळी मन्हाकडे द्या."

आणि लोक माना हलवायला लागले! जावईसुद्धा, जे कणगीमागे होते!

मी मखराच्या मागच्या बाजूला होतो. खालची एक पट्टी राहिली होती. मी गन टेकवली आणि दाबली. राग या वेळी तीन दिवस थांबला नव्हता, संध्याकाळची वेळ, चष्म्यावर पीठ उडालेलं. तो खिळा मी मुद्दाम तिथे मारला नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. मात्र मी खात्री देऊ शकत नाही. फट् झालं, आणि तोतारामच्या कडक इस्त्रीच्या शर्टाचा मागचा घोळ पट्टीसकट खांबाला बसला.

आरती सुरू झाली. तोताराम एक पाऊल पुढे सरकला आणि थांबला. पुन्हा सरकला. मखर किंचित हललं, देवीची नथ थरथरली. त्याने मागे हात घातला, चाचपलं, आणि त्याचा चेहरा बदलला. जोराने ओढावं तर साऱ्या भाऊबंदकीच्या देखत मखर देवीवर येणार. बोलावं तर जी मशीन नानाला चालवता येत नाही, तिने आपल्याला ठोकलंय हे सांगावं लागणार. तो हात जोडून उभा राहिला. आरती संपली, गाणी सुरू झाली, एक संपलं की दुसरं. बायका एकमेकींना खुणावून दाखवू लागल्या की बघा, तोताराम भाऊ देवीजवळून हलत नाही.

प्रसादाची ताटं फिरायला लागली तेव्हा त्याने मान न वळवता ओठ हलवले.

"नाना. तूच दुरुस्त करी. आते सोड माले."

"ऐकू आलं नाही," मी म्हणालो. मला ऐकू आलं होतं.

"तूच करी, म्हनस ना!"

"अक्कांना सांग."

त्याने डोळे मिटले. मग सगळ्या माजघराला ऐकू जाईल असं म्हणाला, "अक्का! मशीन नानानीच दुरुस्त करी. मी मोडेल व्हती. पाळी नानानीच ऱ्हाऊ द्या."

अक्कांनी रोटाचा तुकडा मोडून हात पुढे केला. "बरं, पाळी नानानीच. मंग तठे काय उभा ऱ्हायना? ये, प्रसाद ले."

"नाना सोडी तव्हय येसू ना, अक्का!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. खिळा उपटायची पकड सुपडू घेऊन गेला होता, त्यामुळे शर्ट कापण्यावाचून इलाज नव्हता. मी कात्री आणायला आत गेलो. घाई केली नाही.